अर्क बठ्ठा टाकी दे!

काल दुकानात केसांच्या क्रीमची डबी उघडली आणि आवळ्याच्या वासानं मला उचलून थेट भडगावच्या आमच्या भट्टीवर आपटलं. औषधवाले रस काढून चोथा फेकायचे, त्यातून आम्ही क्रीमसाठी अर्क काढायचो. एक दिवस जळगावचा व्यापारी क्रीमचा नमुना बघायला येणार होता. त्याला पटला नाही, तर भट्टी बंद.

क्रीम घोटता घोटता मी बहिणीला ओरडलो, "अक्का, अर्क बठ्ठा टाकी दे!" म्हणजे सगळा अर्क क्रीममध्ये टाक. अक्कानं तो गटारीत ओतला.

"तूच बोलना ना, टाकी दे?"

गटारीतले बेडूक महिनाभर नवरदेवासारखे चमकत होते. आज तेच सांगून मी लोकांना हसवतो.

त्या दिवशी व्यापारी आला. अक्कानं अर्काचं भांडं त्याच्या मनगटावर पालथं धरलं. एकच थेंब पडला. त्यानं हुंगला, रुमालानं पुसला आणि गाडीत बसला.

अक्का रिकामं भांडं घासत बसली, घासतच बसली.