साबणवाले साहेब

फौजीकाका फौजेत गेले ते ढोल वाजवायला. "बँडवाल्यावर कोण गोळी वाया घालवतंय?" असं म्हणत त्यांच्या मामांनीच त्यांना भरतीला धाडलं. लढाई लागली तशी वाद्यं कोठारात कुलूपबंद झाली आणि बँडवाल्यांच्या हाती जखमींची स्ट्रेचरं आली. पुढचं टोक काकांकडे, मागचं क्लॅरिनेटवाल्याकडे. दोघांनी कितीतरी पोरं उचलून आणली. त्या पोरांविषयी काका कधी बोलत नाहीत. बोलतात ते फक्त रसदीच्या साहेबांविषयी.

हे साहेब आघाडीच्या बरेच मागे, न्हाणीघरात साबणावरून घसरले आणि पाय मोडून बसले. देह असा भरदार, की स्ट्रेचरचे दांडे कुरकुरायला लागले. वाटभर साहेबांचं "हळू रे, हळू" चालू होतं. त्यांना दवाखान्याच्या तंबूत टेकवून दोघं पुन्हा आघाडीवर गेले. तिथे क्लॅरिनेटवाल्याला गोळी लागली आणि तो जागीच गेला.

तह झाला, काकांना ढोल परत मिळाला. साहेबांच्या छातीवर पदक लागलं, तेव्हा काकांनीच तो बडवला.

निवृत्तीनंतर काका एका शाळेत मुलांना कवायतीचा ढोल शिकवू लागले. तिथल्या समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून आले ते नेमके हेच साहेब.

"पाय निकामी, वरून गोळ्यांचा मारा," साहेब माइकवर सांगत होते. "मी कोपरांवर सरपटत आलो."

"अहो, हेच ना ते साबणवाले?" काकूंनी विचारलं. तोफांनी आणि ढोलाने मिळून काकांच्या कानांचे बारा वाजवले होते, त्यामुळे काकूंची कुजबूज चार रांगांना ऐकू गेली.

चहाच्या वेळी काका पुढे झाले. "साहेब, तुम्हाला उचलून आणलं होतं. स्ट्रेचरच्या पुढे मी होतो."

मुख्याध्यापक शेजारीच उभे होते. "अरे, आपला बँडवाला!" साहेब मोठ्याने म्हणाले. मग आवाज उतरवून, "मागे कोण होता रे?"

"क्लॅरिनेटवाला. त्याच दिवशी गेला तो."

साहेबांनी बशी खाली ठेवली. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात फोटोवाल्याने हाक मारली. साहेबांनी काकांच्या खांद्यावर हात टाकला आणि छाती पुढे काढली.

शाळेच्या अंकात फोटो आला. खाली छापलं होतं, 'रणांगणातून पाठीवर वाहून आणलेल्या सहकाऱ्यासह प्रमुख पाहुणे.'

काकूंचं डोकंच फिरलं. त्यांनी काकांना तडक शाळेत पिटाळलं. मुख्याध्यापकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते हसून म्हणाले, "साहेब बोललेच होते, स्वाभिमानी माणूस आहे, कबूल करणार नाही."

काका घरी आले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"साहेबांनीच वाचवलंय मला," चपला काढत काका म्हणाले. "पक्कं झालंय आता."