पिसावरचे दहा दिवस

कोंबडीचं पीस उपटण्याआधी गावंडे सर तिची माफी मागत. मोठ्याने, चारचौघांत. "माफ कर वं माय, एकच घेतो," असं म्हणत आणि चिमट्याने छातीवरचं पीस झटक्यात ओढून काढत. मी नेरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या सकाळी ते विभागाच्या मागच्या व्हरांड्यात असेच कोंबडी मांडीवर घेऊन बसले होते. मी नेमणुकीचं पत्र पुढे केलं. पत्रावरचं नाव तेवढं वाचून म्हणाले, "शोभाबाई, जरा पाय धरता काय हिचे?" माझी नोकरी अशी सुरू झाली.

सरांची निवृत्ती तेव्हा जेमतेम दोन वर्षांवर आली होती आणि ते पीएचडी करत होते. या वयात कायले, असं कोणी विचारलं की म्हणत, "रिटायर झाल्यावर टाइम नाही भेटत गड्या." विषय होता पिसाचा पुनर्जन्म. हा शब्द माझा. सरांना तो आवडत नसे. "पुनर्जन्म गिनर्जन्म काही नाही. कोंबडीचं काळीज अंड्यात एकदाच बनते, अन् थे बनताना आपल्याले दिसत नाही. पिसाचं तसं नाही. उपटलं का पुन्हा पहिल्यापासून सुरू. अवयव कसा बनते, थे पाहाची खिडकीच आहे पीस म्हणजे." पीस निघालं तरी त्याच्या खळग्याच्या तळाशी एक बारीकशी गाठ उरते आणि तिच्यापासून नवं पीस घडतं. ती गाठ किती थोडी उरली तरी अख्खं पीस येतं, एवढंच सरांना शोधायचं होतं. वर्गात ते फळ्यावर खळगा काढत, तळाशी खडूचा ठिपका देत आणि म्हणत, "उपटलं थे सगळ्यायले दिसते. राह्यलं किती, थे पाहा."

ऐकायला मुलं मात्र कमी होत चालली होती. त्या वर्षांत कापसाने जिल्ह्याचा दम काढला होता. हजेरीपटावर साठ नावं आणि बाकांवर वीस डोकी. मधूनच एखादं डोकं भादरलेलं असे. आम्ही काही विचारत नसू. विचारण्याचंही त्राण राहिलं नव्हतं कोणात.

माझे बाबा जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचे. चिमूटभर रुई बोटांत ओढून धाग्याची लांबी सांगायचे. त्या हंगामात जिनिंग उघडलंच नाही. बाबा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसत आणि दुपारी तोच शर्ट घडी करून ठेवत. तासिकांचा पगार वर्षातून एकदा आला तर यायचा. घरात आम्ही चौघं, धाकटी बहीण धरून.

दिवाळीच्या सुट्टीत सरांच्या पत्नीचं नागपूरला ऑपरेशन ठरलं. सर दहा दिवस जाणार होते. नुकतीच सगळ्या कोंबड्यांची छातीची पिसं काढली होती. नवी फुटत होती. सरांनी खुराड्याची किल्ली माझ्या हातात दिली. "ज्वारीचं पोतं भरलेलं आहे. दोन टाइम द्याजा. बाकी काही नाही, फक्त बसजा जराशा त्यायच्याजवळ."

पहिल्या दिवशी मी पूर्ण माप घातलं. दुसऱ्या दिवसापासून निम्मं. उरलेली ज्वारी पिशवीत घालून घरी नेत होते. आईने विचारलं, कोठून आणली. सरांनी दिली, म्हटलं. आईने ज्वारी सुपात घेतली, पाखडता पाखडता म्हणाली, "भलं होवो माय त्यायचं." कोंबड्या मला पाहून जाळीशी धावत येत. मी त्यांच्याजवळ बसले नाही.

सर परतले. पुढे पिसं पूर्ण वाढल्यावर त्यांनी ती काढून भिंगाखाली धरली आणि बराच वेळ वर बघितलंच नाही. पिसावर रोजच्या वाढीची एक पुसट रेघ उठते. झाडाच्या खोडात वर्षाचं वलय असतं तशी. उपासमार झाली तर तिथं पीस विरळ, कमकुवत राहतं. प्रत्येक कोंबडीच्या प्रत्येक पिसावर तसा पट्टा होता, एकाच जागी. सरांनी सुईच्या टोकाने रेघा मोजल्या. एकदा, मग पुन्हा.

"रोगराई असती तर एखादीले झाली असती," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "उपाशी होत्या काय ह्या?"

मी हो म्हटलं. ज्वारी घरी नेली, हेही सांगितलं. का, ते त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. दोन दिवस ते मला 'मॅडम' म्हणत होते. तिसऱ्या दिवशी 'शोभाबाई' म्हणून हाक मारली आणि मी टेबलावर ठेवलेली किल्ली माझ्याकडे सरकवली. "तुमच्याजवळच राहू द्या."

त्यांच्या नोंदवहीत मी नंतर वाचलं: 'या दिवसांत खाद्य कमी पडले. चूक माझी.' माझं नाव नव्हतं. पट्ट्याचा भाग वगळून बाकीची मापं देता आली असती. मी तसं सुचवलंही. सर म्हणाले, "पिसानं सांगतलं अन् म्या लपवलं, असं कसं जमन?" विद्यापीठातल्या त्यांच्या मार्गदर्शकांनी तो सगळा गट बाद ठरवला, पुन्हा करा म्हणून कळवलं. सरांनी पुन्हा सुरू केलं. ते पुरं व्हायच्या आत निवृत्ती आली, विभागाला कोंबड्यांची जागा दुसऱ्या कामासाठी हवी झाली, आणि प्रबंध राहिला तो राहिलाच.

पुढे मला दुसऱ्या गावी कायम नोकरी लागली. सर कळंबला, आपल्या घरी राहायला गेले. मी भेटायला जायचं टाळत राहिले. ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा गेले. हात हातात घेतला तर नुसती हाडं. इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य एकदाचं बोलून टाकलं: "सर, तुमची पीएचडी माझ्यामुळे गेली."

त्यांनी उशीवरच मान हलवली.

"नाही वं शोभाबाई," ते म्हणाले. "म्या रोज त्या कोंबड्यायले दाणे मोजून टाकत होतो. तुम्ही रोज समोर बसत होत्या, सुकून राह्यल्या होत्या. म्या एक दिवस नाही इचारलं, तुमच्या घरी काय शिजते म्हणून. कोंबड्यायच्या पिसावरून कळावं लागलं मले."

काकूंनी चहा आणला. सरांना त्यांनी चमच्याने पाजला. मी माझा कप संपवला आणि शेवटच्या गाडीच्या आधी निघाले. महिनाभरात सर गेले.

मी अजून शिकवते. विभागात नवीन कोणी तासिकांवर रुजू झालं, की मधल्या सुट्टीत मी आधी त्यांनी डबा उघडायची वाट बघते. उघडला नाही, तर माझी खुर्ची त्यांच्या टेबलाजवळ ओढून नेते.