पोह्याला नदीम दिसेनासा झाला

या ग्रुपवर मी दोन वर्षांपासून आहे, पण आजवर फक्त वाचत आलो. खरं सांगायचं तर बरेच अनुभव वाचून मनातल्या मनात हसायचो... लाईट गेली असेल, मांजर असेल, झोपेत असेल. आमचं घरही तसंच. बाबा भोपाळमध्ये एका कारखान्यात इंजिनिअर, आई तुलसी नगरकडच्या एका सरकारी ऑफिसात. दोघंही मूळ नागपूरचे. घरात देव आहेत, पण भूत-बित हा विषय कधी जेवताना निघाला नाही. म्हणून हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतंय.

इथे मराठीत लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. ज्याच्याबद्दल लिहितोय त्याला मराठी वाचता येत नाही. आणि त्यानं हे वाचू नये असं मला वाटतं.

मी निखिल. भोपाळमध्ये फिल्म मेकिंगचा कोर्स करतोय, शेवटचं वर्ष. अयोध्या नगरमध्ये आमचं छोटं घर आहे, समोर गेट, गेटच्या आत गाडीपुरती जागा. घरात आई, बाबा, मी आणि पोहा. पोहा म्हणजे आमचा कुत्रा. रस्त्यावरचंच पिल्लू... नाक्यावरच्या ठेल्यापाशी माझ्या पोह्यांच्या प्लेटमध्ये त्यानं तोंड घातलं, मी हाकललं नाही, आणि तो मागे मागे घरी आला. नाव तिथेच पडलं.

नदीम माझा क्लासमेट. जुन्या शहरात राहतो, घरी तो आणि त्याची अम्मी, त्या घरीच शिवणक्लास घेतात. आमच्या बॅचमधला सगळ्यात चांगला कॅमेरामन, हे आमचे सरसुद्धा मान्य करतात. आणि पोह्याचा पहिल्या नंबरचा माणूस. मी नव्हे, नदीम. त्याची बाईक गल्लीच्या तोंडाशी वळली की पोहा गेटवर दोन पायांवर उभा राहायचा आणि रडल्यासारखा आवाज काढायचा. तो आवाज त्यानं दुसऱ्या कुणासाठी कधी काढला नाही. नदीम सोफ्यावर बसला की पोहा त्याच्या पायांवर डोकं टाकून झोपणार, हे ठरलेलं. आई म्हणायची, "याला आधार कार्डावर नदीमचंच नाव लावा."

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. आमच्या शॉर्ट फिल्मसाठी एक शॉट हवा होता — पुढे गाडी, मागे स्कूटीवर एक मुलगी, कॅमेरा गाडीतून तिच्याकडे बघतोय. बाबांची गाडी मी न विचारता काढली. बाबा ड्यूटीवर होते. केरवा डॅमच्या रस्त्याला गेलो, जिथे वनखात्याचे वाघाचे बोर्ड आहेत आणि दुपारी चारनंतर ऊन झाडांमधून तिरकं येतं. स्कूटीवर रिद्धी, आमच्या ग्रुपमधली तिसरी. गाडी मी चालवत होतो, शेजारी पोहा. आणि नदीम मागे, डिकी उघडी ठेवून, पाय बाहेर सोडून, कॅमेरा हातात. असे शॉट आम्ही नेहमीच घ्यायचो. करू नयेत हे माहीत असून घ्यायचो.

एका वळणावर वासरू आडवं आलं. मी ब्रेक मारला. मागून ठक्क असा आवाज आला.

धावत मागे गेलो तर नदीम डिकीत आडवा, कॅमेरा छातीशी धरलेला, आणि हसत होता. "मियां, कैमरा बचा लिया," म्हणाला. डोकं डिकीच्या कडेवर आपटलं होतं. रक्त नाही, काही नाही. कानाच्या वर नुसतं टेंगूळ. रिद्धी मागून आली, तिनं दोन बोटं दाखवून किती ते विचारलं, त्यानं "ग्यारह" सांगितलं, आम्ही सगळे हसलो.

मी म्हणालो, "घर पे मत बताना यार. पापा को गाड़ी का पता नहीं है."

"पागल है क्या. किसको बताऊंगा," तो म्हणाला.

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. त्याचं नव्हे, माझं.

परत येताना नदीम मागच्या सीटवर बसला. पोहा नेहमीप्रमाणे पुढून उडी मारून मागे गेला. मी आरशात बघत होतो... पोह्यानं डोकं त्याच्या मांडीवर ठेवलं नाही. तो सीटच्या मधोमध पसरला, जशी सीट पूर्ण रिकामी आहे. नदीमला दाराला चिकटून बसावं लागलं. "ओये, सरक ना," त्यानं दोनदा म्हटलं. पोह्याचा कानसुद्धा हलला नाही. मला वाटलं, ब्रेकला घाबरला असेल.

दुसऱ्या दिवशी नदीमची बाईक आली, पोहा उठला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रागावलाय, असं आम्ही म्हणायचो. पण रागावलेला कुत्रा कसा वागतो हे मला माहीत आहे. तोंड फिरवतो, लांब जाऊन बसतो, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो. हे तसं नव्हतं. पोहा नदीमकडे पाठ फिरवतच नव्हता. तो त्याच्या आरपार बघायचा. नदीम दारात उभा असेल तर पोह्याची नजर त्याच्यामागच्या गेटवर असायची.

पाचव्या की सहाव्या दिवशी नदीमनं टोस्ट आणलं, पोह्याचं आवडतं. हातात धरून त्याच्यासमोर बसला. पोह्याला वास आला. तो उठला, नाक हलवत खोलीभर हुंगत फिरला, सोफ्याखाली, टेबलामागे... टोस्ट त्याच्या नाकापासून वीतभर लांब होतं आणि त्याला सापडत नव्हतं. नदीमनं ते जमिनीवर ठेवून हात काढला, तेव्हा पोह्यानं लगेच उचललं. मी ते बघितलं. नदीमनंही बघितलं.

त्याच आठवड्यात एम. पी. नगरच्या स्टुडिओत आमची पोर्ट्रेटची असाइनमेंट होती. आजकालच्या कॅमेऱ्यात चेहरा दिसला की स्क्रीनवर आपोआप चौकोन येतो, फोकस तिथे बसतो. रिद्धीवर आला. वॉचमन काकांवर आला. भिंतीवरच्या पोस्टरमधल्या बाईवरसुद्धा आला. नदीम स्टुलावर बसला, चौकोन आला नाही. मी लाईट बदलला, लेन्स बदलली, दुसरा कॅमेरा आणला. सर म्हणाले, "सेन्सर कभी-कभी ऐसा करता है, मैनुअल कर ले." मॅन्युअल केलं. फोटो उत्तम आला. म्हणजे नदीम फोटोत व्यवस्थित होता... फक्त कॅमेऱ्याला तो माणूस म्हणून सापडत नव्हता. कॅमेऱ्याचं मी बाजूला ठेवतो. यंत्र आहे, बिघडू शकतं. पण पोह्याचं काय?

त्या दिवशी बाहेर चहा पिताना नदीम हसत हसत म्हणाला, "यार निखिल, तू तो देख रहा है ना मुझे?"

मीही हसलो. पण त्यानं कप खाली ठेवला नाही, माझ्याकडे बघत राहिला. तो उत्तराची वाट बघत होता. मी म्हणालो, "देख रहा हूं भाई." तेव्हा कुठे त्यानं घोट घेतला.

मी घाबरलो होतो. कशाला, ते मलाच सांगता येत नव्हतं. त्याचं डोकं दुखायला लागलं होतं, तो गोळ्या घ्यायचा, एडिटिंगमुळे म्हणायचा. मी ते मान्य करायचो, कारण दुसरं काही मान्य केलं असतं तर केरवाचा रस्ता आठवावा लागला असता.

सोळाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, तो आमच्याकडे आला होता. आईला सुट्टी, बाबा बाजारात. आईनं त्याला चहा दिला. तो प्यायला आणि कप टेबलावर ठेवायला गेला... टेबलाच्या बाजूला, हवेत ठेवला. कप फुटला. नदीम फुटलेल्या कपाकडे बघत म्हणाला, "टेबल तो यहीं था."

पोहा दचकून उठला आणि नदीम बसला होता तिकडे तोंड करून भुंकायला लागला. रिकाम्या घरात आवाज झाला तर कुत्रा जसा भुंकतो, तसा.

आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"हा पोरगा कुठे पडला-बिडला होता का?"

"का गं?"

"तू आधी सांग."

मी सिंककडे वळलो. ती हळू आवाजात म्हणाली, "पोह्याला तो दिसत नाहीये, निखिल. दोन आठवडे झाले, मी रोज बघतेय. मला वाटलं माझ्याच मनाचे खेळ आहेत, म्हणून बोलले नाही."

मी सगळं सांगितलं... गाडी, डिकी, वासरू, टेंगूळ. मला वाटलं ती ओरडेल. तिनं गॅस बंद केला, पर्स उचलली आणि म्हणाली, "गाडीची चावी घे."

नदीम म्हणत होता, "आंटी, मैं ठीक हूं." आई म्हणाली, "ठीक हो तो डॉक्टर बोल देगा. बैठो."

स्कॅन झाला. डोक्यात आत, कवटीच्या खाली, हळूहळू रक्त साठत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "चोट कब लगी?" मी म्हणालो, सोळा दिवस झाले. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि लिहायला लागले. म्हणाले, दोन-तीन दिवस और निकल जाते तो... दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनच्या वेळी बाहेरच्या बाकावर मी, आई आणि नदीमची अम्मी. रिद्धी औषधं आणायला गेली होती. मला बसवेना. मी अम्मीसमोर खाली बसलो आणि सांगितलं, गाडी मी चालवत होतो, घरी सांगू नको असं मीच म्हणालो होतो.

त्या म्हणाल्या, "उसने उसी शाम बता दिया था, बेटा. बोला, अम्मी, निखिल को मत बोलना कि आपको पता है, वो ख़ुद को कोसेगा." मग आपल्या उजव्या तळव्याकडे बघत म्हणाल्या, "मैंने सर में तेल लगा दिया. कहा, सो जा, ठीक हो जाएगा."

आईनं त्यांचा तो हात आपल्या हातात घेतला. मी उठून कॉरिडॉरच्या टोकाला गेलो.

तिथे बाबांचा फोन आला. बाबा घरी होते, पोह्याजवळ. माझे बाबा मोजून-मापून बोलणारे. त्यांनी विचारलं, "नदीम तिथेच आहे ना?"

"हो. आत आहे. का?"

ते म्हणाले, "नाही... पोहा आत्ता गेटवर गेला होता. दोन पायांवर उभा राहून रडत होता, तसा. मला वाटलं नदीमच आला. मी गेट उघडलं, बाहेर कोणी नाही. पण पोहा शेपटी हलवत, कुणाच्या तरी पायात पायात करत आत आला. आता सोफ्यापाशी झोपलाय."

"डोकं कुठे आहे त्याचं?" मी विचारलं.

"जमिनीवर नाही," बाबा म्हणाले. "जरा वर आहे." आणि मग एकदम, "तू ठेव फोन. मला काही कळत नाहीये."

मला जे वाटलं ते तुम्हालाही वाटलं असेल. मी त्या दाराकडे बघत उभा राहिलो. अम्मींकडे बघण्याची हिंमत झाली नाही. अर्धा तास गेला असेल... आयुष्यातला सगळ्यात लांब अर्धा तास. दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली केला आणि अम्मींना म्हणाले, "हो गया. ठीक है वो."

मला उभ्या जागी रडू फुटलं.

नदीम तीन आठवड्यांनी आमच्या घरी आला. टोपी घालून, बारीक झालेला, डावा हात अजून थोडा थरथरणारा. कॅमेरा धरायला त्याला आजही ट्रायपॉड लागतो. तो रिक्षातून उतरायच्या आधीच पोहा गेटवर होता. मग जे काही झालं ते कुठल्याही कुत्र्याचं आपल्या माणसासाठी होतं तसंच... चाटणं, रडणं, टोपी पळवणं. बाबा आत निघून गेले. चष्मा पुसत होते.

नदीमला ते सोळा दिवस आठवत नाहीत. केरवाचं ऊन आठवतं, त्यानंतर हॉस्पिटलचं छत. पोहा त्याला ओळखत नव्हता हे त्याला माहीतच नाही. आम्ही सांगितलं नाही, सांगणारही नाही.

डॉक्टरांना मी नंतर विचारलं होतं. ते म्हणाले, कुत्र्यांना आजाराचा वास येतो, रिसर्च भी है इस पर. असेल. पण वास आला तर कुत्रा जवळ जाईल, हुंगेल, अस्वस्थ होईल. समोरचा माणूस नाहीच असं कशाला वागेल? आणि त्या सकाळी बाबांनी गेट उघडलं तेव्हा आत कोण आलं? नदीम तर ऑपरेशनच्या टेबलावर होता, जिवंत. बाबा अजूनही यावर बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "मी जे पाहिलं ते पाहिलं. त्याचा अर्थ मला विचारू नको." माझ्याकडेही अर्थ नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा.

एवढंच सांगतो, हल्ली घरी कोणीही आलं तरी मी आधी त्या माणसाकडे बघत नाही, पोह्याकडे बघतो. आई ऑफिसातून आली, बाबा बाजारातून आले... तो मान वर करेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

आणि मी स्वतः बाहेरून आलो की सरळ आत जात नाही. गेटच्या बाहेर थांबतो, पोह्याला हाक मारतो, आणि वाट बघतो.