इथवर कोणी यायला नको होतं

नोकरी सुटली तरी बाईंनी एका प्रोग्रामिंग भाषेच्या मूळ लायब्ररीची, म्हणजे तयार कोडच्या संग्रहाची, देखभाल सोडली नाही. ती लायब्ररी सगळ्यांना खुली आणि फुकट, त्यामुळे लोक ती घड्याळापासून लिफ्टपर्यंत कशातही वापरत. कधीच घडू नये अशा एका चुकीसाठी बाईंनी बारा वर्षांपूर्वी गमतीनं संदेश लिहून ठेवला होता: ‘इथवर कोणी यायला नको होतं.’

एका दुपारी कोणी न बोलावता लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबली आणि दार उघडलं. आत चिटपाखरूही नव्हतं, पण मजल्याचा आकडा दाखवणाऱ्या पडद्यावर तीच ओळ होती.

“कोण आलंय गं?” अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंनी आतून विचारलं.

“कोणी नाही, आई.”

लिफ्ट रोज येऊ लागली. बाईंनी आठ दिवस कोड पिंजून काढला, पण त्या ओळीपर्यंत जाणारी वाटच सापडेना. शेवटी त्यांनी ती ओळ पुसली आणि मेकॅनिककडून लिफ्टमध्ये नवा कोड घालून घेतला.

दुसऱ्या दिवशीही लिफ्ट आलीच. पडदा मात्र कोरा होता.

“आज गप्प का गं ती?” सासूबाईंनी विचारलं.

त्या लिफ्टमध्ये स्पीकर कधीच नव्हता. दार मिटेपर्यंत त्या सासूबाईंचा हात घट्ट धरून बसून राहिल्या.