सेल्वीची जागा

मी शिकवते त्या येलवालच्या शाळेत आज नवे बाक आले. वार्निशचा वास नाकात शिरला आणि मी माझ्या लहानपणीच्या सरस्वतीपुरमच्या शाळेत, सहावीच्या वर्गात जाऊन बसले.

कावेरीच्या पाण्यावरून कन्नड-तमिळ वाद पेटून शहरात दगडफेक झाली होती. शाळा पुन्हा उघडली, पण माझ्या बाकावरची सेल्वी आली नाही. ती तमिळ घरातली. पहिल्या दिवशी मी तिच्या जागेवर दप्तर ठेवलं, दुसऱ्या दिवशी डबाही.

नागरत्ना मिस हजेरीत सेल्वीचं नाव रोज घ्यायच्या आणि दाराकडे बघत जरा थांबायच्या. "ती आता कुठली येतेय, मिस," मागून कोणीतरी म्हणालं. मिस उठल्या आणि त्यांनी माझं दप्तर, डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "ती जागा सेल्वीची आहे," एवढंच त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. मला फार राग आला.

सोमवारी सेल्वीचे वडील तिला दारापर्यंत सोडून गेले. मिसनी नेहमीच्याच आवाजात नाव घेतलं. ती सरळ येऊन बसली. कुणाला सरकावं लागलं नाही.

आम्ही घरी मराठी बोलणारे. सीमेचा वाद पेटला की आई बजावायची, "शाळेत मराठी नको हां, गोत्तायता? कळलं ना?" म्हणजे भीती मला ठाऊक होती. तरीही दप्तर पसरताना मनात एवढंच होतं की बरं झालं, या वेळी आपण नाही.

मिस तेव्हा माझीही जागा राखत होत्या.