बाहेरून कडी

आमच्या मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदा आमच्या घरी येणार होती, त्या आठवड्यात आमच्या संडासाला दार नव्हतं.

(सासरची म्हणजे होणाऱ्या सासरची. ती खरोखर होतील की नाही, हे अजून ठरायचं होतं.)

दार पूर्वी होतं. पण रेवदंड्याची खारी हवा लोखंड खाते आणि लाकूड फुगवते. आमच्या दाराच्या बिजागऱ्या गंजल्या, खालची फळी सडली आणि उंदीर आतबाहेर करायला लागले. सुलभा, म्हणजे माझी बायको, म्हणाली की महादू सुताराला बोलवा. महादू उशिरा येतो, चहा मागतो, राजकारण बोलतो. पण जे करायचं ते आपल्या पडवीत, आपल्या डोळ्यांदेखत करतो. मी निवृत्त मुख्याध्यापक. मी तिला जमाना बदलल्याचं समजावून सांगितलं. आता सगळी सर्व्हिस असते, एक फोन केला की माणूस दारात! (तो दारात येतो हे खरं. जाताना दार घेऊन जातो, हे मला ठाऊक नव्हतं.)

'तत्पर गृहसेवा' ही पाटी मी एका टेम्पोवर वाचली होती. नळ, लाईट, सुतारकाम, कौलं, पंखे, मिक्सर, सगळं एका फोनवर. या गृहसेवेचा मालक नंदू, कारागीर नंदू आणि फोन न उचलणाराही नंदूच. तो माझाच विद्यार्थी. शाळेत असताना तो प्रत्येक गणिताची पहिली पायरी सोडवून पुढच्या गणिताकडे जायचा. तेव्हा मी त्याला अंगठे धरून उभा करायचो. आता तो अख्ख्या तालुक्याला उभा करतो.

नंदू आला, त्यानं दार हलवून बघितलं आणि तो चुकचुकला. "सर, खालची फळी सडली हाय. दार न्यायला लागंल. उद्या सकाळला लावून देतो." आणि आम्ही हो-नाही म्हणेपर्यंत दार टेम्पोत चढलंसुद्धा. विश्वास बसावा म्हणून त्यानं आपली शिडी आमच्या पडवीत ठेवली. नंतर ती शिडी न्यायला चौलवरून एक गृहस्थ आले. शिडीही नंदूची नव्हती!

शेजाऱ्यांनी मग मला या धंद्यातली मेख सांगितली. आगोटीचे दिवस होते. पाऊस तोंडावर आला की आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांना एकदम घर आठवतं. कौलं परतायची असतात, पावसाची झड अडवायला झडपा बांधायच्या असतात, पन्हळी साफ करायच्या असतात. अशा वेळी गिऱ्हाईक दुसऱ्या कारागिराकडे जाऊ नये म्हणून नंदू प्रत्येक घरातली एक वस्तू काढून नेतो. कुणाचा पंखा, कुणाचा नळ, कुणाची खिडकी. एकदा वस्तू गेली की घर त्याचं. जगात सगळीकडे गिऱ्हाईक कारागिराला बयाणा देतं, इथे कारागीर गिऱ्हाइकाकडून बयाणा उचलून नेतो. "तुमचं दार नेलं ना?" शेजारी म्हणाले. "मग आता पावसापर्यंत तुम्ही त्याचेच."

दाराच्या जागी नंदूनं एक फ्लेक्स टांगून दिला होता. कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा. साहेब त्यावर माणसाएवढे, हात जोडून उभे. आत बसलं की साहेब समोर! सुलभानं दुसऱ्याच दिवशी फ्लेक्स उलटा फिरवला. त्यानंतर साहेब बाहेर खोळंबलेल्याला हात जोडून थांबायची विनंती करू लागले.

आता गार्गीविषयी. आमची एकुलती एक मुलगी, पनवेलला नोकरी करते. नागावचा निनाद तिनं स्वतःच पसंत केला होता, म्हणजे मुलांचं ठरलेलं होतं, आता फक्त मोठ्यांचं ठरायचं राहिलं होतं. निनादचे वडील यशवंतराव हे फार मानी गृहस्थ, असं ती सांगत होती. वाडी स्वतः शिंपतात, स्वतःच्या हातानं सगळं करतात, कमी बोलतात आणि शब्द विसरत नाहीत. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ती घरी आली, फ्लेक्समधल्या साहेबांना बघून तिनं कपाळाला हात लावला आणि मला बाजूला घेतलं.

"बाबा, एकच मागते. उद्या कुणाला नावं ठेवू नका."

"मी कधी नावं ठेवतो?"

आतून सुलभाच्या हसण्याचा आवाज आला.

खरं सांगायचं तर नावं ठेवणं हे माझं कामच होतं. शाळेत त्याचा पगार मिळायचा, निवृत्तीनंतर ते मी समाजसेवा म्हणून करतो. तरीही पोरीच्या डोळ्यांत पाणी तरळलेलं दिसलं आणि मी शब्द दिला. एक दिवस तोंड बंद ठेवणं म्हणजे काय मोठी गोष्ट!

पण दाराशिवाय चालणार नव्हतं. मी नंदूला फोनवर असा काही धारेवर धरला की पाहुण्यांच्या दिवशी सकाळीच त्याचा टेम्पो दारात हजर. टेम्पोत एक दार होतं. निळं, ताज्या रंगाचं. फक्त ते आमचं नव्हतं. मी म्हटलं, अरे, हे कुणाचं? तो म्हणाला, "सर, माप सेम हाय. दार ते दार. तुमचं दुसरीकडं बसलं." असं बोलून त्यानं दार ठोकून बसवलं, आम्ही साहेबांना घडी घालून माळ्यावर टाकलं आणि तो निघून गेला. गेल्यावर आमच्या लक्षात आलं की दाराला कडी आहे, पण ती बाहेरून. आतून काहीच नाही. शिवाय खालच्या कोपऱ्यात गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला, तोही इतक्या खिळ्यांनी की लाकूड कमी आणि खिळे जास्त. फोन लावला, तर नंदू उद्या येऊन आतली कडी लावणार होता.

पाहुणे आले. यशवंतराव, त्यांच्या पत्नी आणि निनाद. पोहे झाले, नारळाच्या वड्या झाल्या. यशवंतराव खरोखरच कमी बोलत होते. मी त्यांच्याहून कमी बोलत होतो. गार्गी अधूनमधून माझ्याकडे कृतज्ञतेनं बघत होती. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात यशवंतरावांनी हात धुवायची जागा विचारली.

हात धुवायची जागा विचारणाऱ्या माणसाला काय हवं असतं, ते यजमानाला कळतं. मी त्यांना मागच्या पडवीत नेलं. दार आपोआप उघडं पडत होतं, म्हणून मी अदबीनं म्हटलं, तुम्ही निवांत बसा, मी बाहेरून कडी लावतो आणि इथेच उभा राहतो. ते आत गेले. मी कडी लावली. आता होणाऱ्या व्याह्यांना संडासात कोंडून बाहेर मुकाट्यानं उभं राहणं हे काही बरं दिसेना. माणसाला अवघडल्यासारखं होईल, म्हणून मी आपला विषय काढला.

मी दाराबाहेरून सांगितलं, की या दाराचा गैरसमज करून घेऊ नका, हे आमचं नाही. आतून हुंकार आला. मला हुरूप आला. गार्गीला दिलेला शब्द आठवला, पण ज्याला नावं ठेवायची त्या माणसाला मी ओळखतच नव्हतो, मग ती नावं ठेवणं कसं होईल? (ही सूट माझी मीच काढली.) मी म्हटलं, तुमच्या पायाशी पत्रा आहे तो बघा. दार कुरतडलं तर माणूस फळी बदलतो. या महाभागानं तेलाचा डबा कापला! किती चिक्कू असावा! आणि खिळे तर असे मारलेत, जणू उंदीर परत येताना हातोडा घेऊन येणार होता. बरं, आतून कडी नाही. ज्या घरात असलं दार असेल, त्या घरातली माणसं कशी राहत असतील, देव जाणे. माझा तर असल्या घराशी कधी संबंध येऊ नये.

आतून आता हुंकार येत नव्हता. पाणी ओतल्याचा आवाज आला. मग पुन्हा पाणी ओतल्याचा आवाज आला. मग दारावर टकटक झाली. मी कडी काढली.

यशवंतराव बाहेर आले, हात पुसले, वळून दाराकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "तो पत्रा मी ठोकलाय."

मी आजवर पुष्कळ मुलांची बोलती बंद केली आहे. माझी बोलती बंद झाल्याची ती पहिलीच वेळ.

ते चालत पुढे बैठकीत गेले, मी मागून. ते बसले. त्यांनी पत्नीला सांगितलं, की आपल्या तांदळाच्या कोठीचं दार सापडलं, इथे यांच्या संडासाला आहे. सुलभाचा हात वडीच्या ताटलीवरच राहिला. गार्गीनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत एवढंच होतं, की बाबा, काय बोललात? पोरीचं लग्न मी संडासाच्या दाराशी उभं राहून मोडलं, हे उद्या सगळ्या रेवदंड्याला कळणार होतं. मला पहिल्यांदा खरोखर भीती वाटली.

यशवंतराव म्हणाले, "सर, कोठीच्या दाराला कडी बाहेरूनच असते. तांदूळ आतून कडी लावत न्हायत."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

"पन आमच्या कोठीला आता नंदूनं जे दार लावलंय ना, त्याला कडी आतून हाय. परवा आमची आई तांदूळ काढायला आत गेली, कडी आपोआप पडली ती निघंना, आन् तिला काढायला कौलं उतरवायला लागली. ज्यानं ते दार बनवलं, त्याला आई रोज शिव्या घालते."

आमचं दार 'दुसरीकडं' कुठे बसलं, ते मला आत्ता कळत होतं. पण अजून सगळंच कळलं नव्हतं.

"आन् त्या दारावर आतून मोठ्या अक्षरात एक सूचना लिहिलेली हाय," यशवंतराव पुढे म्हणाले. "'काम झाल्यावर भरपूर पाणी ओतावे. हुकुमावरून.' तांदळाच्या कोठीत, सर! आता घरात कुनी तांदूळ काढून आलं की आई विचारते, पानी ओतलंस का? कोन बावळट असेल हा हुकूम सोडनारा, असं आमी रोज म्हनतो."

मी ठरवलं की मरेपर्यंत गप्प बसायचं. पण संसारात अशा वेळी माणसाची बायको हजर असते.

"ते ह्यांचं अक्षर," सुलभा म्हणाली. "घरात जागोजागी लिहून ठेवलंय. फ्रिजवर पण आहे."

यशवंतरावांनी माझ्याकडे बघितलं. मी वडीकडे बघितलं. मग त्यांच्या पत्नींनी तोंडाला पदर लावला, त्यांचे खांदे हलायला लागले, आणि यशवंतराव, ते कमी बोलणारे मानी गृहस्थ, असे काही हसले की बाहेरचा कुत्रा उठून भुंकायला लागला. निनाद हसला, सुलभा हसली. सगळ्यात शेवटी गार्गी हसली, डोळे पुसत. त्या हसण्यात मला जरा कमी हसले असते तरी चाललं असतं, पण त्या घडीला मी कुठलीही किंमत मोजायला तयार होतो.

मग नंदूला फोन लागला. (आम्हाला नाही. यशवंतरावांनी लावला तेव्हा लागला.) त्यानं जराही लाज न बाळगता सांगितलं, की ज्याची बोंब मोठी त्याला आधी दार, ही आपली पद्धत. नागावची बोंब आधी आली, तेव्हा सरांचं दार तयार होतं, ते तिकडे बसवलं. मग सरांची बोंब आली, तेव्हा नागावचं तयार होतं. सूचनेवर रंग का मारला नाहीस, असं विचारल्यावर म्हणाला, "सरांचं अक्षर हाय. त्यावर माझा हात उचलंल का?" वर त्यानं उदार मनानं एक तोड सुचवली. उद्या येऊन दोन्ही दारं काढून नेतो आणि परवा अदलाबदल करून बसवतो.

"नको!" यशवंतराव आणि मी एकदम ओरडलो. आमच्या दोन घराण्यांचं झालेलं ते पहिलं एकमत. त्याच भरात लग्नाची तारीखही ठरून गेली.

लग्नात आम्ही काही दिलं नाही, काही घेतलं नाही, असं मी चारचौघांत छाती काढून सांगतो. दार सोडून. नागावला गेलो की विहीणबाई मला मुद्दाम कोठीपर्यंत नेतात आणि माझं सुंदर अक्षर दाखवतात. आमच्याकडचा तो पत्रा मात्र दर पावसात मी तो सुटायची वाट बघूनही तसूभर हललेला नाही. आणि आतली कडी नंदू अजून उद्याच लावणार आहे. त्यामुळे मी हल्ली कुणाला नावं ठेवायला तोंड उघडलं, की सुलभा हातातलं काम न थांबवता एवढंच विचारते, "अहो, जरा आत जाऊन बसता का? मी बाहेरून कडी लावते."

मी मुकाट्यानं तोंड मिटतो. मागच्या वेळी ती खरोखर लावून बाजारात गेली होती.