दादांचा रविवारचा ग्लास

तिरोड्याच्या मुलींच्या शाळेत मी चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत होते. दादांचा कंपाऊंडर दारात येऊन उभा राहिला, टोपी हातात, आणि त्याच्याकडे पाहताच मला कळलं. गोंदियाहून सकाळच्या गाडीनं कुणी उगाच येत नाही. मी बाहेर आले आणि 'केव्हा' न विचारता 'कशानं' असं विचारलं. तो म्हणाला, "कशानंच नाही जी. चहा पेले, खुर्चीत बसले, पेपर उघडला... अन् गेले. बाईनं हाक मारली त ओच नाही." मी भिंतीला टेकले. आईवडिलांमागे ज्यानं मला वाढवलं तो भाऊ गेला होता, आणि मनात सगळ्यांत आधी आली ती सुटका. चहा पिऊन गेले. शुद्धीत गेले. रडू नंतर आलं, गाडीत, आणि ते गोंदिया येईपर्यंत थांबलं नाही. आता महिना उलटून गेला आहे. त्या सुटकेबद्दल लिहायला हवं असं वाटतं, कारण दादांबद्दल, गोंदियाच्या या डॉक्टरसाहेबांबद्दल, गावात जे बोललं जाई त्यातलं बरंचसं बाटलीबद्दल होतं, आणि त्या बाटलीबद्दल माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

माझं लग्न केशोरीला झालं होतं. शेती चांगली, माणसं चांगली, नवराही सकाळी चांगला. संध्याकाळी मोहाची दारू पोटात गेली की तो दुसराच कुणी होई. त्या दुसऱ्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. धानकापणीच्या दिवसांत एकदा तो बांधावर पडला तो उठलाच नाही. दादा बैलगाडी घेऊन स्वतः आले, सासऱ्यांना म्हणाले, "शांताला नेतो," आणि मला गाडीत बसवलं. वाटेत त्यांनी मला एक अक्षर विचारलं नाही. फक्त दुपारी गाडी सावलीत थांबवून स्वतःच्या हातानं शिदोरी सोडली आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिले.

गोंदियाच्या घरात चार दिवस बरे गेले. मग रविवार आला. जेवणं झाली, दादांनी बैठकीतलं कपाट उघडलं आणि आतून काळपट हिरवी बाटली काढली. बुचाचा तो आवाज... मी आत जाऊन ट्रंकेत लुगडी भरायला लागले. वहिनी दारात आल्या. वहिनी भंडाऱ्याकडच्या, बोलणं सरळ. "कुठं जाऊन राहिली तू?" मी म्हणाले, कुठंही, पण या घरात नाही. त्यांनी माझ्या हातातलं लुगडं काढून घेतलं आणि बैठकीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "ऐकलं का? तुमच्या बाटलीपायी पोरगी चालली!"

दादा आले. चिडले नाहीत, ओशाळले नाहीत. त्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि चावी माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "शांते, ही तुझ्याकडं. रविवारी जेवणानंतर मी मागीन. देशील त एक ग्लास पीन, नाही देशील त नाही. पण जाऊ नको."

मी गेले नाही. पुढच्या रविवारी त्यांनी चावी मागितली, मी नाही म्हणाले, आणि ते पेपर वाचत बसले. त्याच्या पुढच्याही रविवारी तसंच. कितीतरी रविवार मी त्यांना असं तपासलं. त्यांचा आवाज चढला नाही, हात थरथरला नाही, कुणाकडे जाऊन ते पिऊन आले नाहीत. शेवटी एकदा मीच चावी दिली आणि पदराआड हात घट्ट धरून समोर बसले. त्यांनी एक ग्लास ओतला. खिडकीकडे धरून रंग पाहिला, नाकाशी नेला, आणि तो एवढासा ग्लास संपवायला त्यांना सारी दुपार लागली. मधल्या वेळात ते बोलत होते, आणि बोलणं होतं एका म्हातारीबद्दल.

पहिल्या लढाईत दादा लष्करी डॉक्टर म्हणून फ्रान्सला गेले होते. मार्सेयच्या इस्पितळात एका फ्रेंच डॉक्टरशी त्यांची दोस्ती झाली आणि लढाई संपल्यावर ते त्याच्या गावी जाऊन राहिले. ज्युरा म्हणून डोंगराळ मुलूख आहे, स्वित्झर्लंडच्या हद्दीला लागून. मित्राच्या म्हाताऱ्या आईचा द्राक्षांचा मळा होता आणि ती पिवळी वाइन करायची. दादा सांगत, दुनियेतले सगळे वाइनवाले हवेला भितात, पिंप जरा रितं झालं की लगेच भरतात. ही बाई भरत नसे. पिंपात वाइन उडत उडत कमी होई, वर पांढरी साय धरे, आपल्या लोणच्यावर धरते तशी, आणि ती साय मोडू नये म्हणून वर्षानुवर्षं पिंपाला कुणी हात लावायचा नाही. तिचे दुसरे दोन मुलगे लढाईत मारले गेले होते. त्यांच्या हातानं भरलेलं पिंप तळघरात तसंच होतं. ते उघडायची वेळ आली तेव्हा दादा तिथंच होते. म्हातारीनं पहिला घोट या परदेशी माणसाला दिला आणि विचारलं, बिघडली तर नाही ना? "बिघडली नव्हती, शांते," दादा म्हणाले. "मरणाच्या इतक्या जवळून आलो होतो मी, कापाकापीचा वास नाकातून जात नव्हता... त्या एका घोटानं तो गेला."

निघताना तिनं त्यांना त्या पिंपातल्या काही बाटल्या दिल्या. त्या समुद्रावरून आणि रेल्वेनं गोंदियापर्यंत आल्या. दादांच्या हातात त्या दुपारी होती ती त्यांतलीच. त्यांनी ग्लास माझ्यापुढे केला. "पिऊ नको. वास घे फक्त. मले हा वास ओळखीचा वाटतो, पण नाव सापडत नाही." मी श्वास रोखून मान पुढे केली. मोहाचा तो आंबूस भपका येईल म्हणून अंग चोरून घेतलं होतं... आणि आली ती मेथी. भाजलेली मेथी, नि मागून अक्रोड. मी म्हणाले, "दादा, ही तर मेथी!" ते खुर्चीतून उठलेच. "मेथी! अगं बाई, मेथीच!" असं म्हणत ते स्वयंपाकघरात वहिनींना सांगायला गेले. केशोरीहून आल्यावर मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी.

पुढे मी ट्रेनिंग करून तिरोड्याला शिक्षिका झाले. तेही दादांमुळेच. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं मी गोंदियाला येई, चावी माझ्या बटव्यातच असे. कलकत्त्याहून गवतात गुंडाळून त्यांच्या बाटल्या येत, फार नाही, वर्षाला थोड्याच. वैशाखात गोंदियाचं ऊन त्यांना सोसत नसे, म्हणून दादा त्या मागच्या खोलीत धानाच्या कोंड्यात पुरून ठेवत. रविवारी दुपारी ओसरीवर त्यांचं सांगणं चाले. फ्रान्सात बोर्दोकडे एका जातीची बुरशी द्राक्षांना लागू देतात, द्राक्षं सुरकुततात, कुजल्यासारखी दिसतात आणि त्यांतूनच मधासारखी सोनेरी वाइन निघते. शॅम्पेनच्या बाटल्या खडूच्या दगडात खोदलेल्या तळघरात डोकं खाली करून ठेवतात आणि एक माणूस रोज येऊन प्रत्येक बाटली हातानं जराशी फिरवतो, गाळ बुचापाशी उतरावा म्हणून. वहिनी सुपात तांदूळ पाखडत म्हणत, "रिकामे लोक." क्लबातले साहेब पोर्ट नावाची गोड वाइन पीत, ती मात्र दादांना आवडत नसे. द्राक्षांचा रस आंबत असताना मध्येच ब्रँडी ओतून त्याचं आंबणं थांबवतात म्हणून ती गोड राहते. "बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं आहे ते," असं त्यांचं मत. आवडनिवड अशी ठाम, आणि ग्लास मात्र एकच.

ग्लास एकच असतो, हे गावाला माहीत नव्हतं. दारूबंदीचे दिवस आले, गुत्त्यांपुढे निदर्शनं सुरू झाली, आणि विलायती बाटल्यांचा डॉक्टर लोकांच्या डोळ्यांत खुपू लागला. शाळेच्या सुट्टीतल्या अशाच एका रविवारी जेवण होऊन दादांनी ग्लास भरला होता, ओठाला लावला नव्हता, तोच दारात छकडा थांबला. जवळच्या एका खेड्यातली बाई, बाळंतपणात अडलेली. दादांनी ग्लास खाली ठेवला, मला म्हणाले, "यावर बशी झाक," आणि बॅग घेऊन निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी परतले ते पार पिळून निघाल्यासारखे. बाई वाचली होती. मूल वाचलं नव्हतं.

त्यांचे बूटही निघाले नव्हते, एवढ्यात बाईचा दीर आणखी माणसं घेऊन अंगणात आला. "डॉक्टर पिऊन होता! रविवारी तो पेतोच, साऱ्या गावाले माहीत आहे! पेलेल्या हातानं आमचं लेकरू मारलं!" शेजारपाजारचे जमले. दादा ओसरीवर नुसते उभे होते. मूल गेल्याचं त्यांना इतकं लागलं होतं की स्वतःसाठी एक शब्दही त्यांच्या तोंडून निघेना. वहिनी दाराला धरून रडत होत्या. मला काय झालं कोण जाणे... आयुष्यात परक्या पुरुषांपुढे मी कधी आवाज काढला नव्हता. मी आत गेले, बशी झाकलेला तो ग्लास उचलला आणि अंगणात त्या माणसापुढे नेऊन धरला. काठोकाठ भरलेला.

"हा त्यांचा कालचा ग्लास," मी म्हणाले. "एक थेंब कमी झाला नाही. तुमचा छकडा आला तेव्हा त्यांनी तो खाली ठेवला. कपाटाची चावी माझ्याकडं असते. आणि मी कोण ते ठाऊक आहे का? केशोरीला माझा नवरा दारूनं मेला. पेलेल्या माणसाचा हात कसा असतो ते तुम्ही मला सांगू नका. या घरात तसा हात असता, त मी एक रात तरी राहिली असती का?"

दीर ग्लासाकडे पाहत राहिला, मग त्याचा चेहरा चुरगळला आणि तो मटकन खाली बसून रडायला लागला. दादा पायऱ्या उतरून त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. ते दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही. जाताना त्या माणसानं दादांच्या पायांना हात लावला, आणि पुढे त्याच घरची दुसरी बाळंतपणं दादांच्याच हातची झाली.

पण त्यानंतर दादा चावी मागेनासे झाले. रविवार येई, जेवण होई, ते पान खाऊन आत जाऊन पडत. ओसरीवरच्या गोष्टी बंद. सुरुवातीला मला बरंच वाटलं. मग लक्षात आलं, घर मुकं झालंय. वहिनीसुद्धा एकदा म्हणाल्या, "बाई, ते रिकामे लोक बाटल्या फिरवतात की नाही अजून?" त्या रविवारी मी आपणहून कुलूप काढलं, ग्लास पुसून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "दादा, आज रविवार आहे." त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

मग दुसरी लढाई आली, बोटी बंद झाल्या, कलकत्त्याहून काही येईना. कोंड्यातली शेवटची बाटलीही संपली. खरं सांगायचं तर माझी जुनी भीती तेव्हा पुन्हा जागी झाली. विलायती मिळेना म्हणून माणूस गावठीकडे वळतो, हे मी पाहिलेलं. दर शनिवारी गाडीतून उतरले की दादांच्या डोळ्यांकडे बघायची. ते डोळे स्वच्छच असत. रविवारी दुपारी ते चहाचा कप घेऊन ओसरीवर बसत आणि ज्युराच्या म्हातारीचं पिंप लढाईतून वाचलं असेल का, याची काळजी करत.

गेल्या वर्षी रेल्वेचे एक साहेब कायमचे मायदेशी निघाले. दादांनी कधीकाळी त्यांच्या मुलाला टायफॉइडमधून उठवलं होतं. जाताना ते एक बाटली देऊन गेले, मडेरा. दादा लहान मुलासारखे हरखले. पोर्तुगालच्या एका बेटावरची ही वाइन. पूर्वी गलबतांतून जाताना विषुववृत्तावरच्या उन्हात पिंपं तापायची, आणि बिघडायच्या ऐवजी वाइन सुधारूनच यायची. मग लोक तिला मुद्दामच उन्हात तापवायला लागले. "शांते, ही आपल्या गोंदियाची आहे," ते म्हणाले. "हिले ऊन काय करणार? ही उन्हातूनच आलेली." उघडल्यावरही ती महिनोन्महिने टिकते, म्हणून ते अगदी थोडी थोडी घेत. अर्धीअधिक शिल्लक असतानाच ते गेले.

तेराव्यानंतर नातेवाईक पांगले. घरात वहिनी आणि मी. रविवारी दुपारी वहिनींनी स्वतःच ती बाटली आणून मध्ये ठेवली. आजवर अशा बाटलीला हात लागला की त्या साबणानं हात धुवायच्या. म्हणाल्या, "हिचं काय करायचं? नाव तर मदिराच आहे मेलीचं." मी म्हणाले, कुणाला तरी देऊन टाकू. त्या उठून देवघरातली पळी घेऊन आल्या, थबकल्या, ती परत ठेवली आणि चहाचे चमचे आणले. एक माझ्यापुढे धरला. वाचणाऱ्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे, मी तो घेतला. जळक्या गुळासारखं, संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी जिभेवरून गेलं, छातीत थोडी ऊब आली, आणि बस. काही झालं नाही. भिंती जागेवर होत्या, वहिनी वहिनीच होत्या, मी मीच होते. इतकी वर्षं ज्याच्या धाकात काढली ते चमचाभर गोडसर पाणी गळ्याखाली उतरलं होतं.

वहिनींनी चमचा चाटून पाहिला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाल्या, "काऊन बाई, एवढंच होतं? एवढ्यासाठी मी त्या माणसाशी जन्मभर भांडली?"

आणि हसायला लागल्या. पदर डोळ्यांना लावून, खोकला येईपर्यंत हसल्या. मग बाटलीचं बूच त्यांनी नीट दाबून बसवलं, ती कपाटात ठेवायला उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "फेकू नको हो. राहू दे. पुढच्या रविवारी येशील तेव्हा पाहू."